मंडपोद्वासन : उत्सवाचा शेवटचा विधी

आज आषाढ शुद्ध एकादशी. आजपासून भगवान विष्णू शेषशय्येवर चार मास योगनिद्रा घेतात, असे पुराणे सांगतात. देव निजतो आणि भक्त जागा होतो, असा या चातुर्मासाचा क्रम आहे. श्रावणात पोथ्या आणि हरिनामाचे सप्ताह, वद्य अष्टमीस गोपाळकृष्णाचा जन्म, भाद्रपदात मंगलमूर्ती, आश्विनात जगदंबा आणि कार्तिकात पुन्हा पंढरीची वाट. या चार महिन्यांत महाराष्ट्रात किती मंडप उभे राहत असतील, त्याची गणती करणे अवघड आहे. गल्लीच्या तोंडाशी, देवळाच्या पटांगणात, शाळेच्या मैदानावर, नदीच्या काठी, जिथे चार भाविक जमतात तिथे चार खांब उभे राहतात आणि वर छत पडते.

अशा मंडपांखाली आमचे बहुतेक आयुष्य गेले. नारदांची गादी चालविणाऱ्याला दुसरे घर ते कोणते? म्हणून आजच्या पुण्यदिवशी देवाविषयी पुष्कळ बोलले जात असताना, देवाला आपण ज्या ठिकाणी बोलावतो त्या ठिकाणाविषयी चार शब्द लिहावेत, असे आमच्या मनात आले. मंडप कसा उभारावा, याची चर्चा प्रत्येक गावच्या बैठकीत महिना महिना चालते. तो उतरावा कसा, आणि उतरल्यावर मागे काय राहावे, याची चर्चा आम्ही क्वचितच ऐकली आहे.

मेढ रोवली, पुढे काय?

आपल्या धर्मकृत्यांत मंडपाला स्वतःचे स्थान आहे. घरात लग्न वा मुंज निघाली की प्रथम मुहूर्तमेढ रोवतात, मंडपदेवतांचे आवाहन करतात, देवक बसवितात. कार्य पार पडले म्हणजे देवकोत्थापन आणि मंडपोद्वासन होते. उद्वासन म्हणजे ज्या देवतेला आपण राहावयास बोलावले, तिची पूजा करून तिला आदराने निरोप देणे. मंडपात आलेल्या देवता परत गेल्याखेरीज कार्य पुरे झाले, असे शास्त्र मानीत नाही.

भाषेने मात्र येथे पक्षपात केला आहे. ‘मुहूर्तमेढ’ हा शब्द आज कारखान्याच्या पायाभरणीपासून ग्रंथालयाच्या उद्‌घाटनापर्यंत सर्वत्र चालतो. ‘मंडपोद्वासन’ मात्र उपाध्यायांच्या पोथीतच राहिले. जे शब्दाचे झाले तेच आचाराचेही झाले. आरंभाला वाजंत्री असतात, फेटे असतात, छायाचित्रकार असतो. शेवटाला मांडववाल्याचे दोन मजूर, एक ट्रक, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झाडू घेऊन येणारी एखादी माउली. तिचे नाव कोणत्याही पत्रिकेत छापलेले नसते.

या विधीमागील विचार साधा आणि मोठा आहे. ज्या भूमीवर आपण मंडप घालतो ती आपली नव्हे. सकाळी अंथरुणातून उठून पाय जमिनीवर टेकण्यापूर्वी पृथ्वीची क्षमा मागण्याची आपली रीत आहे. केवळ पाऊल ठेवण्यासाठी जिची क्षमा मागावयाची, तिच्या अंगावर आठ दिवस खांब रोवायचे, चुली पेटवायच्या, हजारोंच्या पंगती उठवायच्या. मग तिचे देणे किती झाले? उत्सवाची जागा ही उसनी घेतलेली वस्तू आहे. उसनी वस्तू जशी आणली तशी परत करणे, हा गृहस्थाचा पहिला धर्म होय.

भरतमुनींचा मंडप

मंडप कसा असावा, हा प्रश्न आजचा नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्राचा संपूर्ण दुसरा अध्याय प्रेक्षागृहाच्या रचनेला दिला आहे. तो वाचताना कीर्तनकाराला फार शिकण्यासारखे सापडते. लांबट, चौकोनी आणि त्रिकोणी असे मंडपाचे तीन प्रकार आणि मोठे, मध्यम, लहान अशी त्यांची तीन मापे मुनी सांगतात. मध्यम माप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९६ फूट गुणिले ४८ फूट. मर्त्य मानवांसाठी हेच माप उत्तम, असा त्यांचा निर्णय आहे. याहून मोठा मंडप घातला तर बोलणाऱ्याचा आवाज विरतो, शब्द अस्पष्ट होतात आणि मुखावरचे भाव मागे बसलेल्यास दिसत नाहीत, असे कारणही ते देतात. मंडपाला पर्वतातील गुहेसारखे रूप असावे, वारा मंद यावा, म्हणजे स्वर गंभीर राहतो, अशीही सूचना आहे.

भूमीविषयी मुनी तितकेच दक्ष आहेत. जमीन समतल आणि घट्ट पाहून घ्यावी, नांगरून तिच्यातील हाडे, खुंट, गवत, झुडपे काढून टाकावीत, आणि मगच मापाची दोरी धरावी. ती दोरी कशाची? तर कापसाची, मुंज गवताची किंवा झाडाच्या सालीची. जे जमिनीतून आले आणि जमिनीत परत जाईल, अशाच वस्तूंची ही यादी आहे.

आज आपण नेमके उलट करतो. मंडप इतका अफाट घालतो की माणसाचा आवाज पोहोचत नाही. मग ध्वनिक्षेपकांच्या भिंती रचतो, त्यांच्यासाठी जनित्र आणतो, जनित्रासाठी डिझेल आणतो. आणि अखेर मंडपातल्याला शब्द कळत नाही, पण शेजारच्या इमारतीतील तान्हे बाळ दचकून उठते. एक लिटर डिझेल जळले म्हणजे अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याचा धूर आणि धडधड निराळीच. एका चुकलेल्या मापातून हा सारा परिवार जन्मास येतो. मंडपाची मांडणी योग्य असेल तर निम्मे प्रदूषण उत्पन्नच होत नाही, हे त्या अध्यायाचे आजचे मर्म आहे.

उत्सवाच्या जागी घाण करणाऱ्याला काय करावे, हेही आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणातील नगराधिकाऱ्याच्या प्रकरणात, रस्त्यावर केर टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण, चिखलपाणी तुंबविणाऱ्याला पाव पण, आणि राजमार्गावर तेच केले तर दुप्पट दंड आहे. पुण्यस्थान, पाणवठा आणि देवालय या ठिकाणी मलविसर्जन केल्यास दंड एका पणापासून पुढे चढत जातो. आजारी आणि भयभीत माणसाला मात्र त्यातून सूट आहे. दंडात दया आहे, पण देवाच्या दाराशी ढिलाई नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही पाण्यात मलमूत्र वा थुंकी टाकू नये, असा निषेध आहे. तेव्हा स्वच्छतेचा आग्रह ही कोणा परक्याची शिकवण आहे, असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

वाळवंटाचा धडा

महाराष्ट्रातील सर्वांत मोठी आणि सर्वांत जुनी उत्सवभूमी कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही चंद्रभागेच्या वाळवंटाकडे बोट दाखवू. पंढरपुराशी भीमा अर्धचंद्रासारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणावयाचे. या वाळूवर ना भिंत, ना छप्पर. खाली वाळू, वर आकाश, मध्ये वीणा, टाळ आणि मृदंग. मंडपच नसलेला हा मंडप होय. ज्याला काही उभारावे लागत नाही त्याला काही उतरावेही लागत नाही.

वारीची मूळ चाल पाहिली तर ती या विचाराशी किती जुळते! माउलींची पालखी आळंदीहून निघते, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर करीत वाखरीला येते. मुक्कामी दिंड्यांच्या राहुट्या पडतात आणि पहाटे उजाडण्यापूर्वी त्या उतरतात. वारकरी रोज मंडपोद्वासन करीत पंढरीला जातो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु काळ बदलला, संख्या वाढली. आषाढीला लक्षावधी माणसे एका लहान गावात एकवटतात. शौचाची सोय त्या मानाने नव्हती. नदीचे पात्रच त्या कामी येऊ लागले. वाळवंटात तंबू आणि राहुट्या पडू लागल्या, आणि यात्रा पांगल्यावर ती सारी घाण माणसांना आपल्या हातांनी काढावी लागे. ज्या पंढरीत संतांनी जातिभेदाच्या भिंती पाडल्या, तेथे एका माणसाची विष्ठा दुसऱ्याने उचलावी, याहून मोठी विटंबना कोणती? मानवी हातांनी मैला उचलण्याच्या प्रथेला २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. हा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने नदीपात्रातील तंबू-राहुट्यांना आळा घातला आणि पुरेशी शौचालये उभारण्यास शासनाला सांगितले. पैलतीरावरची ६५ एकर जागा वारकऱ्यांच्या निवासासाठी तयार झाली. २०१५ पासून ‘निर्मल वारी’चा उपक्रम सुरू झाला. पालखीच्या मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये ठेवावयाची आणि पालखी पुढे गेली की तीही पुढच्या मुक्कामी न्यावयाची, अशी त्याची पद्धत. पालखीबरोबर चालणारी ही एक निराळीच दिंडी म्हणावी लागेल.

त्या वेळी आमच्या व्यवसायबंधूंत पुष्कळ कुजबुज झाली. परंपरेत न्यायालयाने हात घातला, असे काहींना वाटले. त्यांचे दुःख आम्हाला कळते; वाळवंटातील कीर्तनाची गोडी आम्हीही चाखली आहे. तथापि नीट पाहिले तर बंदी कीर्तनाला नव्हती, कीर्तनाभोवती साचलेल्या पसाऱ्याला होती. तंबूवाचून कीर्तन होते. पाण्यावाचून चंद्रभागा मात्र राहत नाही.

नदीच्या पाण्याविषयी एक गोष्ट प्रत्येक भाविकाने ध्यानात ठेवावी. स्नानाच्या पाण्यासाठी शासनमान्य निकष आहे. १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचे मान ५०० पर्यंत असणे इष्ट, आणि कोणत्याही परिस्थितीत ते २,५०० च्या वर नसावे. पाणी निर्मळ दिसते म्हणून ते शुद्ध असतेच असे नाही. तीर्थ म्हणून ते ओंजळीत घेणारे आपले वडील असतात आणि ज्याच्या मुखात ते घातले जाते ते आपले नातवंड असते.

प्रयाग आणि नाशिक

मोठ्या मेळ्याची जागा हलकी ठेवता येते काय? येते. प्रयागच्या कुंभात गंगा-यमुनेच्या पात्रातील वाळूवर काही महिन्यांत एक नगर उभे राहते. वाळूवर लोखंडी पत्रे टाकून रस्ते होतात, पिंपांवर पूल तरंगतात. वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा आणि हार्वर्ड विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या कुंभाचा अभ्यास केला, आणि २०१५ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बांबू, दोरी, कापड, पत्रा अशा मोजक्या वस्तूंतून इतके मोठे नगर बांधले जाते आणि मेळा संपला की त्याच वस्तू सुट्या होऊन पुन्हा वापरात जातात, याचे त्या अभ्यासकांना मोठे अप्रूप वाटले. पुढे पावसाळ्यात गंगा येते आणि ती जागा पुन्हा आपल्या पोटात घेते. जे आपल्या आजोबांना सहज ठाऊक होते, ते आज विद्यापीठांतून शिकविले जात आहे.

आता सिंहस्थ आपल्या दारी आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरला २०२७ मध्ये गोदावरीच्या काठी देशभरातील साधू आणि भाविक येतील. त्यांच्या निवासाची व्यवस्था झालीच पाहिजे; अतिथीला जागा देणे हे नाशिककरांचे भूषण आहे. परंतु २०२५ च्या नोव्हेंबरात साधुग्रामासाठी तपोवनातील अठराशेच्या आसपास झाडे हटविण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा अनेक नागरिक त्या झाडांच्या बाजूने उभे राहिले. आम्ही राजकारणात पडत नाही. आम्ही फक्त शब्दाचा अर्थ सांगू शकतो. तपोवन या शब्दात तप आहे आणि वन आहे. वन गेले तर तपाला बसावयाचे कोठे? रामप्रभू पंचवटीत राहिले ते पर्णकुटीत. झाडांच्या छायेत राहुटी बसविणे अवघड असेल, पण साधूंना ते अपरिचित नाही. जागेप्रमाणे मंडप घालावा. मंडपाप्रमाणे जागा कापू नये.

खराटा आणि वीणा

आमच्या क्षेत्रात या विषयाचे आचार्यपद कोणाला द्यावयाचे असेल तर ते गाडगेबाबांना. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचे खापर, हातात खराटा. दिवसा ज्या गावाचे रस्ते झाडावयाचे, त्याच गावात रात्री कीर्तन करावयाचे, असा त्यांचा क्रम होता. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. मूर्तीच्या मुकुटापेक्षा यात्रेकरूच्या पथारीची चिंता त्यांना अधिक होती. २००० साली सुरू झालेल्या राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव आहे.

लोक त्यांच्या खराट्याला कीर्तनाची पूर्वतयारी समजत. आम्हाला मात्र वाटते की तो खराटा हाच त्यांच्या कीर्तनाचा पूर्वरंग होता. तत्त्व आधी जमिनीवर उमटत असे, मग शब्दांत येत असे.

एका शेतकऱ्याचा प्रश्न

मराठवाड्यातील एका गावी चैत्रात सप्ताह होता. जागेसाठी एका शेतकऱ्याने आपले रान मोठ्या हौसेने दिले. आठ दिवस रोज हजारोंच्या पंगती उठल्या. पुढच्या वर्षी त्याच गावी आमचे जाणे झाले. त्या शेतकऱ्याने आम्हाला बांधावर नेले. नांगराच्या तासातून चहाचे प्लास्टिकचे पेले, पिशव्यांच्या चिंध्या, थर्माकोलचे पांढरे दाणे वर आले होते. हातात त्यातला एक तुकडा घेऊन तो म्हणाला, “महाराज, देव आमच्या रानात आठ दिवस राहिला, हे आमचं भाग्य. पण देव गेला अन् हे मागं राहिलं. हे कुणाचं म्हणायचं?”

त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणून तो प्रश्न अधिक लागला. पुढे तो म्हणाला की, त्याच्या गाईने खरकट्यासकट पिशव्या खाल्ल्या होत्या. गाय पिशवी सोडून अन्न खाऊ शकत नाही. पिशवी पोटाच्या पहिल्या कप्प्यात साचत जाते, ती पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. गोमातेची पूजा करणाऱ्या समाजाच्या उत्सवातून गाईच्या पोटात हे जावे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हिशेब साधा आहे. पाच हजार माणसे सात दिवस एकवेळ जेवली आणि प्रत्येकाला एक ताट, एक वाटी, एक पेला असा टाकाऊ जोड दिला, तर १,०५,००० वस्तू त्या रानात पडतात. भक्ती सात दिवसांची असते. थर्माकोलचे आयुष्य आपल्या अनेक पिढ्यांपेक्षा मोठे आहे.

मंडप कसा असावा

तेव्हा या चातुर्मासात ज्यांच्या हाती उत्सवाची सूत्रे आहेत, त्यांच्यापुढे आम्ही काही गोष्टी ठेवतो.

जागा निवडताना प्रथम झाड, विहीर, ओढा आणि शेजार पाहावा. झाडाच्या बुंध्याला खिळे मारू नयेत, तारा आवळू नयेत. खांबांसाठी रस्ता खणण्याऐवजी वजनदार बैठकीचे खांब वापरावेत; खणलाच तर खड्डा बुजवूनच निघावे. रस्त्यावर खड्डा करणाऱ्या मंडळांकडून महापालिका आज दंड घेतात. कौटिल्याचा अष्टमांश पण अजून जिवंत आहे, असे समजावे. खांब बांबूचे वा बल्लीचे, कनात सुती कापडाची, बांधणी काथ्याची वा सुतळीची असावी. कोकणात झावळ्यांचा मांडव अजून घालतात. त्याखाली बसल्यावर जो गारवा मिळतो तो तापलेल्या पत्र्याखाली दहा पंखे लावूनही मिळत नाही. दोन्ही बाजू वाऱ्याच्या दिशेने मोकळ्या सोडाव्यात. दिवस असेतो दिवे लावूच नयेत. रात्री एलईडीचे लावावेत. जुन्या ६० वॅटच्या बल्बाइतका उजेड ते आठ-नऊ वॅटमध्ये देतात.

सजावट पानाफुलांची, कागदाची, कापडाची असावी. थर्माकोलच्या मखरांवर राज्यात २०१८ पासून, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्याच यादीत प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे आणि १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसीचे फलकही आहेत. देवाच्या दाराशी कायद्याने निषिद्ध वस्तू लटकवून आत सत्यनारायणाची कथा सांगावयाची, हा विनोद बरा दिसत नाही.

आवाजाचा नियम तर आमच्याच व्यवसायाचा आहे. २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावयाचा असतो. उत्सवासाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून फार तर पंधरा दिवस देता येते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतताक्षेत्र असते. कर्णे समोर रचण्याऐवजी लहान लहान ध्वनिक्षेपक श्रोत्यांच्या जवळ, हलक्या आवाजात ठेवावेत. शब्द स्पष्ट कळतो आणि शेजारी सुखाने निजतो. मंडप भरतमुनींच्या मापाचा असेल तर त्यांचीही गरज उरत नाही, हा आमचा अनुभव आहे.

पंगतीसाठी पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण यांहून शुद्ध पात्र नाही. मात्र बाजारात पत्रावळ म्हणून जे मिळते त्याच्या पाठीला पुष्कळदा प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो सोलून पाहावा आणि मगच घ्यावे. नाहीतर स्टीलची ताटे भाड्याने आणून घासावीत आणि ते पाणी झाडांना द्यावे. पाण्यासाठी बाटल्या न वाटता रांजण आणि ओगराळे ठेवावे. अन्न अर्धे वाढावे, दोनदा वाढावे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीने अन्नाचा अवमान न करणे हे व्रत म्हणून सांगितले आहे. पानात टाकलेला घास हा व्रतभंग समजावा. निर्माल्य, पत्रावळी आणि भाज्यांची देठे यांसाठी मंडपाच्या एका कोपऱ्यात पहिल्याच दिवशी खड्डा घ्यावा, वर माती आणि वाळका पाला टाकीत जावे. दोन-तीन महिन्यांत खत होते. देवाला वाहिलेले फूल नदीत कुजण्यापेक्षा तुळशीच्या मुळाशी गेले, तर देव अधिक प्रसन्न होईल.

आणि शौचालये. हा शब्द धार्मिक पुरवणीत लिहावा लागतो याचा संकोच नको. संकोच त्या आईबहिणींना वाटतो, ज्या दिवसभर मंडपात पाणी न पिता बसतात. किती माणसे येणार, याचा अंदाज करून, स्त्रियांसाठी निराळी, पाण्याची सोय असलेली, विहीर आणि ओढ्यापासून दूर अशी शौचालये मंडपाच्या नकाशात प्रथम काढावीत, व्यासपीठ नंतर.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप हटकून येतात. पहिला असा की, देवाच्या कामात काटकसर कसली? वास्तविक आम्ही काटकसर सांगतच नाही. थर्माकोलच्या महालाऐवजी विणलेल्या बांबूच्या मखराला पैसे द्या, बुरूड समाजाच्या हाताला काम मिळेल. पत्रावळी लावणाऱ्या बायांच्या घरी चूल पेटेल. खर्च तोच, तो कोणाच्या घरी जातो आणि मागे काय ठेवतो, एवढाच प्रश्न.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. नद्या भाविकांनी बिघडविल्या नाहीत, शहरांच्या सांडपाण्याने आणि कारखान्यांनी बिघडविल्या. हे खरे आहे. आळंदीला इंद्रायणीवर जो फेस तरंगतो तो टाळकऱ्यांनी आणलेला नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी भीमेच्या वाटेने उजनीत येते आणि तेथूनच पाणी पंढरीला जाते. यासाठी शासनाला आणि महापालिकांना जाब विचारलाच पाहिजे. पण तो विचारणाऱ्याचा स्वर कधी चढतो? स्वतःचे अंगण झाडलेले असेल तेव्हा. लक्षावधी भाविक आपली उत्सवभूमी निर्मळ ठेवून एका मुखाने नदीचे पाणी मागू लागले, तर ती मागणी कोणाला टाळता येईल?

पत्रिकेतील एक ओळ

गृहस्थाश्रमी वाचकहो, तुमच्या हाती याची किल्ली आहे. वर्गणी मागावयास मुले येतील तेव्हा पावती घेण्यापूर्वी एवढेच विचारा, ‘बाळांनो, मंडप उतरल्यावर ही जागा कशी दिसेल?’ घरच्या मुंजीत, सत्यनारायणात, बारशात हाच प्रश्न स्वतःला विचारा. मुलांना प्रसाद घ्यावयास पाठविताना घरची वाटी आणि पेला हातात द्या.

सप्ताहाच्या पत्रिकेत काकडआरतीपासून काल्याच्या कीर्तनापर्यंत आणि महाप्रसादापर्यंत सर्व ओळी छापलेल्या असतात. त्याखाली आणखी एक ओळ छापावी अशी आमची विनंती आहे : ‘महाप्रसादानंतर मंडपोद्वासन’. त्या वेळी यजमान, मंडळाचे कार्यकर्ते, टाळकरी आणि कीर्तनकार या सर्वांनी मिळून खड्डे बुजवावेत, केर वेचावा, खताचा खड्डा झाकावा. ज्याची जागा असेल त्याच्या हाती विडा-नारळ देऊन म्हणावे, ‘घेतली तशी परत केली’. ज्या माउली रोज तो रस्ता झाडतात त्यांना त्या दिवशी पहिल्या पंगतीत, पाटावर बसवावे.

या चातुर्मासापासून आम्ही स्वतःपुरता एक नेम धरीत आहोत. ज्या पत्रिकेत ही ओळ नसेल तेथील काल्याचे निमंत्रण आणि त्याची बिदागी आम्ही घेणार नाही. जेथे ती असेल तेथे काला झाल्यावर गळ्यातला हार उतरवून, जागा मोकळी होईतो आम्ही थांबू. वयोमानाने खराटा फार वेळ धरवणार नाही, पण वेचलेल्या काड्या टोपलीत टाकावयास हात अजून चालतात.

चार मासांनी, प्रबोधिनी एकादशीला, भगवान डोळे उघडतील. त्यांची पहिली दृष्टी आपण परत केलेल्या भूमीवर पडो, आणि ती त्यांना ओळखू येवो, एवढेच पांडुरंगचरणी मागणे.